स्टार टाकला की सगळं सापडतं? रेजेक्स आणि वाइल्डकार्डबद्दलचे गैरसमज

एक्सेलच्या काउंटइफमध्ये ‘पाटील*’ लिहिलं, तर पाटील या अक्षरांनी सुरू होणारे सगळे रकाने मोजले जातात: पाटील, पाटीलवाडी, पाटीलबुवा. हीच अक्षरं रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजेच रेजेक्स, समजणाऱ्या एखाद्या एडिटरच्या शोधचौकटीत टाकली, तर ‘पाटीवर लिहिलं’ आणि ‘जुनी परिपाटी’ याही ओळी उजळतात. दोन्ही कार्यक्रमांनी आपापलं काम चोख केलेलं असतं. त्यांनी एकच खूण दोन वेगळ्या भाषांत वाचलेली असते, आणि रेजेक्सबद्दलचे बरेचसे गैरसमज इथूनच सुरू होतात.

‘स्टार म्हणजे काहीही’

वाइल्डकार्डच्या भाषेत हे खरं आहे. तिथे स्टार म्हणजे कितीही अक्षरं, आणि प्रश्नचिन्ह म्हणजे कुठलंही एक अक्षर. रेजेक्समध्ये मात्र स्टारला स्वतःचं असं अक्षर नसतं. त्याच्या लगेच आधी जे आहे ते शून्य किंवा कितीही वेळा चालेल, एवढंच तो सांगतो. ‘पाटील*’ याचा अर्थ होतो ‘पाटी’ आणि पुढे हवे तितके ‘ल’. एकही ‘ल’ नसला तरी चालतं, म्हणून ‘परिपाटी’ सापडते. रेजेक्समध्ये ‘काहीही’ म्हणायचं तर आधी टिंब लागतं. टिंब म्हणजे कुठलंही एक चिन्ह, आणि ‘.*’ म्हणजे अशी कितीही चिन्हं. तीसुद्धा बहुधा त्या ओळीपुरतीच, कारण नेहमीच्या सेटिंगमध्ये टिंब ओळ ओलांडत नाही.

डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत ‘लाइक’बरोबर स्टारच्या जागी टक्क्याचं चिन्ह येतं आणि प्रश्नचिन्हाच्या जागी खालची रेघ. मायक्रोसॉफ्ट वर्डच्या वाइल्डकार्ड शोधात ‘एक किंवा जास्त’साठी @ वापरतात. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या एक्सेलमध्ये आता रेजेक्सची वेगळी फंक्शन्स आली आहेत, त्यामुळे एकाच शीटमध्ये शेजारशेजारच्या रकान्यांत स्टारचे दोन अर्थ नांदू शकतात. पॅटर्न लिहिण्याआधी तो कोण वाचणार आहे हे बघणं, ही माझ्या मते या विषयातली पहिली सवय असायला हवी.

युनिक्सच्या टर्मिनलवर तर वाचणारे दोघे असतात. तिथे स्टार आधी आज्ञा वाचणाऱ्या शेलच्या हाती पडतो. १९७१ च्या पहिल्या युनिक्समध्ये स्टारच्या जागी जुळणाऱ्या फाइलींची नावं घालण्यासाठी ‘ग्लॉब’ नावाचा स्वतंत्र कार्यक्रम होता, तेच काम पुढे शेलमध्ये आलं. समजा, मजकुरात शोधणाऱ्या ग्रेप या कार्यक्रमाला अवतरणचिन्हं न लावता ‘पाणी*’ हा पॅटर्न दिला. फोल्डरमध्ये त्या नावाशी जुळणारी फाइल नसेल, तर तो जसाच्या तसा ग्रेपपर्यंत पोचतो. पण एखाद्या दिवशी तिथे ‘पाणीपट्टी’ नावाची फाइल आली, की शेल पॅटर्न काढून फाइलचं नाव घालतो आणि ग्रेप मुकाट्याने ‘पाणीपट्टी’ शोधत बसतो. आज्ञा तीच असते, उत्तर मात्र बदलतं, आणि चूक कुठे झाली ते कळत नाही. पॅटर्न एकेरी अवतरणात ठेवला की हा प्रश्न मिटतो.

‘ही प्रोग्रॅमर मंडळींनी केलेली खुणांची गिचमिड आहे’

दिसायला गिचमिड आहे खरी, पण तिचा पाया गणिताचा आहे, आणि तोही संगणकाच्या नव्हे तर मज्जासंस्थेच्या अभ्यासातून आलेला. वॉरन मॅककलक आणि वॉल्टर पिट्स यांनी १९४३ मध्ये चेतापेशींच्या जाळ्याचं एक गणिती प्रारूप मांडलं. अशी जाळी कोणत्या प्रकारच्या घटनाक्रमांना ओळखू शकते, हा प्रश्न अमेरिकन गणिती स्टीफन क्लेनी यांनी १९५१ मध्ये रँड संस्थेसाठी लिहिलेल्या टिपणात हाती घेतला. ते लेखन १९५६ मध्ये प्रसिद्ध झालं. ‘यानंतर ते’, ‘हे किंवा ते’, ‘हे पुन्हा पुन्हा’ या तीनच क्रियांतून असे सगळे क्रम बांधता येतात, हे त्यांनी दाखवलं. पुनरावृत्तीच्या क्रियेला आजही क्लेनींचा स्टार म्हणतात. आपण शोधचौकटीत टाकतो तो हाच.

‘रेजेक्स मुळातच संथ आणि धोक्याचं’

या समजामागे खऱ्या घटना आहेत. २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो हे संकेतस्थळ ३४ मिनिटं बंद पडलं. ओळीच्या दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा छाटणारा एक साधा पॅटर्न त्याला कारणीभूत होता. एका मजकुरात सुमारे २०,००० मोकळ्या जागा सलग होत्या आणि त्या ओळीच्या शेवटी नव्हत्या. इंजिनाने पहिल्या जागेपासून मोजत जाऊन ‘शेवट नाही’ असं ठरवलं, मग दुसऱ्या जागेपासून पुन्हा मोजलं, मग तिसऱ्या. अशा जवळपास २० कोटी तपासण्या झाल्या. २ जुलै २०१९ रोजी संकेतस्थळांना संरक्षण देणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीच्या फायरवॉलमध्ये टाकलेल्या एका नव्या नियमात ‘.*’ एकापुढे एक आले होते. जगभरातल्या त्यांच्या सर्व्हरचे प्रोसेसर शंभर टक्क्यांवर गेले आणि असंख्य संकेतस्थळं २७ मिनिटं विस्कळीत झाली.

दोष रेजेक्सच्या कल्पनेत नाही, ती राबवण्याच्या एका पद्धतीत आहे. तिला बॅकट्रॅकिंग म्हणतात. एक वाट धरायची, अडलं की मागे यायचं आणि दुसरी वाट धरायची. ‘(अ+)+’ आणि त्यानंतर ओळीचा शेवट, असा पॅटर्न घ्या. त्याच्यासमोर तीस ‘अ’ आणि एक ‘ब’ ठेवा. जुळणी होणार नाही, हे माणसाला एका नजरेत कळतं. पण तीस ‘अ’ गटांत पाडण्याचे मार्ग दोनचा एकोणतिसावा घात इतके, म्हणजे ५३ कोटींहून जास्त आहेत, आणि हे इंजिन ते एकेक करून तपासू लागतं. मजकुरात आणखी एक ‘अ’ घातला की काम दुप्पट होतं.

दुसरी पद्धतही जुनीच आहे. केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्येच ती प्रसिद्ध केली होती, आयबीएम ७०९४ या यंत्रासाठी. मजकूर एकदाच, एकेक चिन्ह करत वाचायचा आणि शक्य त्या सगळ्या वाटा एकाच वेळी सोबत न्यायच्या. मग मागे फिरावंच लागत नाही, आणि मजकूर दुप्पट झाला तर वेळही साधारण दुप्पटच लागतो. रस कॉक्स यांनी लिहिलेलं आणि गुगलने २०१० मध्ये खुलं केलेलं आरई-टू इंजिन याच तत्त्वावर चालतं. आधी सापडलेला तुकडा पुढे पुन्हा तसाच यावा, अशी अट घालण्याची सोय मात्र त्यात नाही. वेगाची हमी हवी तर ती सोय सोडावी लागते. अनोळखी माणसांनी पाठवलेला मजकूर तपासायचा असेल, तर हा सौदा नक्की करावा असं माझं मत आहे.

‘पॅटर्नमध्ये बसलं म्हणजे माहिती बरोबर’

पॅटर्न आकार तपासतो. पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर, हा पॅन क्रमांकाचा आकार झाला. त्या आकाराचा क्रमांक कुणाला दिलेला आहे की नाही, हे पॅटर्नला कळायचा मार्ग नाही. आधार क्रमांकाचे बारा अंक रेजेक्सने मोजता येतात, पण त्यातला शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून व्हेरहूफ पद्धतीने काढलेला असतो. तो हिशोब कोडमध्ये वेगळा करावा लागतो. ईमेलच्या पत्त्यासाठी पानभर लांबीचे पॅटर्न लिहिणारे लोक आहेत. माझ्या मते @ आहे ना एवढं पाहावं आणि त्या पत्त्यावर दुवा पाठवावा. पत्ता चालू आहे हे त्या दुव्यावर क्लिक झाल्यावरच कळतं.

एकात एक गुंतलेले कंस किंवा एचटीएमएलचे टॅग यांचीही मर्यादा ध्यानात ठेवावी. गुंतागुंत कितीही खोल जाऊ शकत असेल, तर क्लेनींच्या तीन क्रियांनी ती मोजता येत नाही. तिथे मजकुराची रचना उलगडणारा पार्सर वापरावा.

‘युनिकोड आलं, आता मराठीला काही अडचण नाही’

या गैरसमजाकडे मला वाचकांचं सर्वात जास्त लक्ष वेधायचं आहे, कारण मराठी मजकुरावर काम करणाऱ्या भाषांतरकार, मुद्रितशोधक आणि कोशकारांचा थेट तोटा इथे होतो.

रेजेक्समध्ये ‘शब्दातलं कुठलंही अक्षर’ यासाठी बॅकस्लॅश डब्ल्यू वापरतात. पायथनच्या मूळ रेजेक्समध्ये त्याचा वापर करून ‘मराठी’चे शब्द वेगळे काढा. उत्तरात दोन तुकडे येतात: ‘मर’ आणि ‘ठ’. युनिकोडमध्ये काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांची नोंद अक्षर म्हणून नाही, तर जोडचिन्ह म्हणून आहे, आणि पायथनची व्याख्या फक्त अक्षरं, अंक आणि खालची रेघ मोजते. यातून पुढचा घोटाळा होतो. शब्दाची कड दाखवणारी खूण ‘मराठी’तल्या ‘र’नंतरच कड मानते. म्हणजे ‘घर’ हा पूर्ण शब्द शोधायला गेलात, तर ‘घराला’ही सापडतं, आणि ‘रस’ शोधताना ‘रसायन’ हाती येतं. जावास्क्रिप्टमध्ये उलटी तऱ्हा आहे. तिथे या खुणेला फक्त इंग्रजी अक्षरं, इंग्रजी अंक आणि खालची रेघच दिसते, म्हणून शुद्ध मराठी मजकुरात ‘घर’ हा पूर्ण शब्द शोधला तर काहीच सापडत नाही. अंकांचंही तसंच आहे. पायथनचा अंकवर्ग ० ते ९ हे देवनागरी अंक ओळखतो, जावास्क्रिप्टचा ओळखत नाही.

जोडचिन्हं शब्दाचाच भाग मानावीत, असं युनिकोडच्या रेजेक्सविषयक तांत्रिक मानकात स्पष्ट सांगितलेलं आहे. पर्ल ते पाळतं, पायथनसाठी वेगळं मिळणारं ‘रेजेक्स’ हे मॉड्यूलही पाळतं. जावास्क्रिप्टमध्ये २०१८ पासून अक्षर आणि जोडचिन्ह हे युनिकोडचे वर्ग नावानिशी मागता येतात, मग शब्दाची कड आपली आपण लिहायची: मागेपुढे अक्षर किंवा जोडचिन्ह नको.

चौकोनी कंसातही असाच गोंधळ होतो. ‘[क्षज्ञ]’ लिहिलं की दोन अक्षरांपैकी एक मागितलं असं आपल्याला वाटतं. इंजिनाला तिथे क, हलन्त, ष, ज आणि ञ अशी पाच सुटी चिन्हं दिसतात, त्यातलं कुठलंही एक त्याला चालतं. ‘[अ-ह]’ म्हणजे अख्खी वर्णमाला हा समजही चुकीचा आहे. आपण वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’नंतर म्हणतो, पण सांकेतिक क्रमात तो ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये आहे, म्हणून तो या कक्षेत येतो. सगळी स्वरचिन्हं, अनुस्वार आणि ‘ॲ’ मात्र बाहेर राहतात.

टिंबही डोळ्यांना दिसणारं अक्षर मोजत नाही. ‘क्षितिज’ वाचताना आपल्याला तीन अक्षरं दिसतात. साठवणीत ती सात चिन्हं आहेत: क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज. तीन टिंबांचा पॅटर्न या शब्दात ‘क्ष’वरच थांबतो आणि वेलांटी मागे राहते. डोळ्यांना दिसणारं एकेक अक्षर पकडण्यासाठी काही इंजिनांत बॅकस्लॅश एक्स आहे. जोडाक्षर एकसंध मानायचा नियम मात्र युनिकोडने २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत आणला. त्याआधीच्या नियमाने ‘क्षितिज’चे चार तुकडे पडत.

शिवाय एकच शब्द दोन-तीन प्रकारे साठवलेला असतो. ‘दुसऱ्या’ टाइप करताना कुणी नुक्त्याचा ऱ वापरतं, कुणी र, हलन्त आणि न दिसणारं जोडक चिन्ह वापरतं. दोन्ही छापल्यावर सारखे दिसतात. जोडक राहून गेलं तर रफार येतो आणि ‘दुसर्या’ होतं. ‘ॲप’मधला ‘ॲ’ काही फायलींत एकसंध असतो, तर काहींत ‘अ’वर चंद्र दिलेला असतो, आणि युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण या दोन रूपांना एक करत नाही. म्हणून शोधताना पॅटर्नमध्ये दोन्ही रूपं ‘किंवा’ने द्यावी लागतात. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या फायलीत तर पडद्यावर मराठी दिसत असलं, तरी आत रोमन अक्षरांचे संकेत असतात. अशा फायलीचं आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावं लागतं, मगच शोध.

एवढं सगळं असूनही मराठीसाठी रेजेक्स अतिशय कामाचं आहे, किंबहुना इंग्रजीपेक्षा आपल्याला त्याची गरज जास्त आहे. आपले शब्द सामान्यरूपात बदलतात. ‘पाणी’ एवढंच शोधलं तर ‘पाण्यात’, ‘पाण्याला’, ‘पाण्यावाचून’ हे सगळं निसटतं. ‘पा(णी|ण्या)’ हा छोटासा पॅटर्न ती सगळी रूपं पकडतो. तो मोठ्या मजकुरावर चालवण्याआधी पाच-सहा अवघड शब्दांची एक चाचणी-फाइल जवळ ठेवावी: मराठी, क्षितिज, ॲप, दोन्ही प्रकारे लिहिलेलं दुसऱ्या, आणि घराला. आपलं साधन देवनागरी कसं वाचतं, ते या फाइलवर मिनिटभरात कळतं.