वास पायाचा, दोष ओलीचा

सत्यनारायणाचा प्रसाद घ्यायला शेजाऱ्यांनी बोलावले होते. दाराशी चपलांचा ढीग. सगळे आत गेले, पण बारावीतला भाचा उंबऱ्याशीच घुटमळत राहिला. क्लासमधून थेट आला होता, पायात सकाळपासूनचे बूट. ‘मामा, तुम्ही व्हा पुढे, मी आलोच,’ म्हणाला आणि कोणाचे लक्ष नाही असे पाहून मोजे खिशात कोंबून थेट मोरीत घुसला.

पादत्राणे दाराबाहेर काढायची आपली रीत. त्यामुळे दिवसभर बुटात झाकलेली गोष्ट नेमकी चार लोकांसमोर उघडी पडते. मग सल्ले सुरू होतात. आजी म्हणते, अंगात उष्णता झालीय. मावशी म्हणते, नीट आंघोळ करत नाही. शेजारचे काका पावडरचा डबा पुढे करतात. तिघांचीही माया खरी, निदान मात्र चुकलेले.

गैरसमज : वास घामालाच असतो.

वस्तुस्थिती : दोन्ही पायांच्या मिळून घामाच्या ग्रंथी अडीच लाखांच्या घरात भरतात. त्यांतून येतो तो घाम म्हणजे जवळजवळ सगळे पाणी आणि थोडे मीठ. ताज्या घामाला वास नसतो. काखेत असतात तशा वेगळ्या, स्निग्ध स्राव सोडणाऱ्या ग्रंथी तळव्याला नसतातच.

वास तयार करतात ते त्वचेवर कायम वस्तीला असलेले जीवाणू. बंद बुटात तळव्याची जाड, मृत त्वचा घामाने भिजून फुगते. जीवाणूंना तेच खाद्य. घामात आणि भिजलेल्या त्वचेत ल्युसिन नावाचे अमिनो आम्ल असते. ते मोडून जीवाणू आयसोव्हॅलेरिक आम्ल बनवतात, आणि मोज्यांचा तो आंबूस, नाकात बसणारा वास मुख्यतः त्याचाच. या वासामागे हे आम्ल आहे हे जपानच्या शिसेइदो कंपनीतल्या संशोधकांनी 1990 मध्ये दाखवून दिले. त्यांना 1992 चे इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे पारितोषिक, मिळाले. त्यांचा गमतीचा निष्कर्ष असा की ज्यांना आपल्या पायाला वास येतो असे वाटते त्यांच्या पायाला तो येतो, आणि ज्यांना वाटत नाही त्यांच्या पायाला येत नाही!

व्हॅलेरियन या औषधी वनस्पतीच्या वाळलेल्या मुळ्यांना येणारा उग्र दर्पही याच आम्लाचा. काही जणांच्या पायाला चक्क चीजसारखा वास येतो, त्यालाही कारण आहे. लिम्बर्गर हे युरोपातले दर्पासाठी बदनाम चीज ज्या ब्रेव्हिबॅक्टेरियम कुळातल्या जीवाणूंवर पिकते, त्यांचे भाऊबंद आपल्या बोटांच्या बेचक्यांत राहतात. आफ्रिकेत हिवताप पसरवणारी डासाची मादी पायाच्या वासाइतकीच या चीजकडेही ओढली जाते, असे बार्ट क्नोल्स या डच संशोधकाने दाखवले. त्यालाही 2006 मध्ये इग नोबेल मिळाले.

गैरसमज : पायाला वास येतो म्हणजे माणूस अस्वच्छ.

वस्तुस्थिती : दोनदा आंघोळ करणाऱ्याच्या पायालाही वास येतो. पाय धुण्यात आपण कमी पडत नाही. बाहेरून आल्यावर पायावर पाणी घ्यायची चाल घरोघरी आहे. कमी पडतो ते पुसण्यात. आंघोळीनंतर आपण काय करतो ते एकदा बघा. पंचा डोक्यापासून पोटऱ्यांपर्यंत फिरतो आणि पायांच्या वाट्याला येते दारातले पायपुसणे. त्यावर दोन्ही पाय घासले की काम झाले. तळवे कोरडे होतात, पण बोटांच्या बेचक्यांत, विशेषतः करंगळीशेजारी, पाणी तसेच राहते. त्यावर मोजा, मोज्यावर बूट, आणि मग आठ-नऊ तास तीच कोंदट हवा. शिवाय ते पायपुसणे घरातल्या सगळ्यांच्या पायांचे पाणी पिऊन आधीच ओले असते.

तेव्हा साबण लावा, बेचक्यांतून बोट फिरवा, पण त्यानंतर वेगळ्या कोरड्या फडक्याने एकेक बेचकी टिपून घ्या. टाचेची फार जाड झालेली मृत त्वचा अधूनमधून वजरीने हलक्या हाताने कमी केली की जीवाणूंचे खाद्यही कमी होते.

गैरसमज : अंगातली उष्णता किंवा विषारी द्रव्ये तळव्यावाटे बाहेर पडतात.

वस्तुस्थिती : उन्हाळ्यात आणि बंद बुटात पाय घामेजतात हे खरेच. पण तळहात-तळपायांच्या घामाचे नाते हवामानापेक्षा मनाशी अधिक जवळचे आहे. तोंडी परीक्षा, मुलाखत, बघण्याचा कार्यक्रम अशा वेळी थंडीतही तळवे ओले होतात. काहींना हा घाम कारणाविनाच खूप येतो. हा त्रास बहुधा लहानपणी किंवा वयात येताना सुरू होतो आणि घरात आणखी कोणाला तरी असतो. गाढ झोपेत मात्र तो थांबतो, आणि ही खूण डॉक्टरांना निदानात उपयोगी पडते.

विषारी द्रव्यांचा निचरा हे यकृत आणि मूत्रपिंडांचे काम. रात्री तळव्याला लावायच्या ‘डिटॉक्स’ पट्ट्या सकाळी काळपट होतात तो पुरावा म्हणून दाखवला जातो. त्या पट्टीवर चार थेंब साधे पाणी टाकून बघा, ती तशीही काळवंडेल.

गैरसमज : वास म्हणजे बुरशी. मलम लावले की झाले.

वस्तुस्थिती : पावसाळ्यात बेचक्यांत पांढरी, खाजरी, सोललेली त्वचा दिसली तर त्या चिखल्या. तिथे बुरशी बहुधा असते आणि तिच्या जोडीला जीवाणूही वाढतात. पण खाज नाही, वास मात्र उग्र, आणि तळव्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खळगे दिसतात, पाय भिजल्यावर ते अधिकच उठून दिसतात, असे असेल तर तो वेगळा आजार आहे. त्याला पिटेड केराटोलायसिस म्हणतात. आल्डो कास्टेलानी या इटालियन डॉक्टरने 1910 मध्ये त्याचे वर्णन केले. कायटोकॉकस सेडेंटेरियससारखे जीवाणू तळव्याच्या त्वचेतले केराटिन हे प्रथिन विरघळवतात, म्हणून ते खळगे. दिवसभर बूट घालणाऱ्या जवानाला हा आजार होतो, तसाच भातखाचरात अनवाणी उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्यालाही. म्हणजे दोष नुसत्या बुटाचाही नाही. पाय ओलीत किती वेळ राहिला, हे महत्त्वाचे. यावर डॉक्टर सहसा जीवाणूंवरचे प्रतिजैविक मलम देतात आणि पाय कोरडे ठेवायला सांगतात.

म्हणून औषधाच्या दुकानातून नुसते ‘खाजेचे मलम द्या’ म्हणून घेऊ नये. अशा अनेक मिश्र मलमांत स्टेरॉइड असते. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते आणि पुढे हट्टी होऊन बसते.

गैरसमज : पावडर आणि अत्तराने काम भागते.

वस्तुस्थिती : अत्तराने वास झाकला जातो. दुपारपर्यंत दोन्ही वासांची मिसळ होते आणि ती मूळ वासापेक्षा वाईट. टाल्कम पावडर घाम थांबवत नाही, आणि ओल्या पायावर टाकली तर बेचक्यांत तिचा चिखल होतो.

घाम कमी करतात ते ॲल्युमिनियमचे क्षार. न्हाव्याकडे दाढीनंतर गालावर फिरते ती तुरटी याच घराण्यातली. ती त्वचा आवळते आणि जीवाणूंनाही थोडा आळा घालते, म्हणून तुरटीचा घरगुती वापर अगदीच अनाठायी नाही. फार घाम येत असेल तर ॲल्युमिनियम क्लोराइडचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने रात्री, पूर्ण कोरड्या पायाला लावतात. रात्री घाम कमी असतो, त्यामुळे ते ग्रंथींच्या तोंडाशी टिकते. तेवढ्याने भागले नाही तर पाय पाण्यात ठेवून सौम्य वीजप्रवाह देण्याचा उपचारही आहे.

गैरसमज : सुती मोजे घातले की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : सुती मोजा घाम शोषतो, पण धरूनही ठेवतो. कमी घाम येणाऱ्याला तो उत्तम. ज्याचा मोजा दुपारी पिळून निघेल त्याला मात्र ओल बाहेर खेचणारे खेळाडूंचे मोजे किंवा बारीक लोकरीचे मोजे बरे. सगळ्यांत वाईट म्हणजे गणवेशातले पातळ नायलॉनचे घट्ट मोजे, जे शोषतही नाहीत आणि वाळूही देत नाहीत. मोजा कोणताही असो, रोज बदलायचा. फार घाम येत असेल तर दप्तरात किंवा ऑफिसच्या खणात दुसरी जोडी ठेवावी. धुताना मोजा उलटा करावा, कारण मळ आणि मृत त्वचा आतल्या बाजूला असते.

गैरसमज : पाय स्वच्छ ठेवला की बूट कसाही चालतो.

वस्तुस्थिती : जीवाणूंची वसाहत बुटातही असते, मुख्यतः सुखतळ्यात. आज घामाने भिजलेला बूट उद्या सकाळपर्यंत पुरता वाळत नाही. म्हणून दोन जोड आलटून-पालटून वापरावेत, सुखतळा निघत असेल तर रोज काढून ठेवावा आणि बूट कपाटात कोंडू नयेत. ऊन असेल तेव्हा बूट उन्हात. पावसाळ्यात रद्दी पेपरचे बोळे आत कोंबून पंख्याखाली ठेवावेत, बोळे ओले झाले की बदलावेत. बूट फ्रीजरमध्ये ठेवण्याची युक्ती ऐकायला छान आहे, पण थंडीत जीवाणू झोपतात, मरत नाहीत.

विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात बूट खोलीबाहेर का पडलेले असतात, हा प्रश्न विकाश कुमार आणि सार्थक मित्तल या भारतीय संशोधकांना पडला. त्यांनी 149 विद्यार्थ्यांना विचारून बघितले आणि अतिनील दिवा बसवलेले बुटांचे कपाट तयार केले. दोन-तीन मिनिटांत जीवाणू आटोक्यात आले. दिवा जास्त वेळ ठेवला तर बूट तापून जळक्या रबराचा वास येऊ लागला! या कामाला 2025 चे इग नोबेल मिळाले.

डॉक्टरकडे कधी? तीन-चार आठवडे पाय आणि बूट कोरडे ठेवूनही वास जात नसेल, खळगे, भेगा, लाली किंवा पू दिसत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. मधुमेह असणाऱ्यांनी तर थांबूच नये. त्यांच्या पायाला अचानक आलेला कुजका वास न दुखणाऱ्या जखमेचा असू शकतो. पाय बधिर असेल तर गरम पाण्यात पाय बुडवण्याचे घरगुती उपायही टाळावेत, कारण भाजल्याचे कळत नाही.

भाच्याला मी एवढेच सांगितले की वासाच्या मागे लागू नकोस, ओलीच्या मागे लाग. आता त्याच्या दप्तराच्या कप्प्यात मोज्यांची दुसरी जोडी आणि हातरुमालाएवढे एक फडके असते. परवा तो घरी आला, मोरीत गेला आणि बाहेर यायला त्याला नेहमीपेक्षा दोन मिनिटे जास्त लागली. मग मांडी घालून पंगतीत सगळ्यांच्या मधोमध बसला.