बाबांचं लायसन्स आणखी पाच वर्षं वाढलं, पण बाबांनी गाडी चालवावी का?

गणपतीला मुलगा मुंबईहून बिरवाडीला येतो. अंगणात स्कूटर उभी असते आणि तिच्या डाव्या बाजूला मे महिन्यात नसलेला एक लांब ओरखडा असतो. "हे कुठे लागलं?" असं विचारलं की बाबा म्हणतात, "बाजारात कोणीतरी घासून गेला." आई काही न बोलता चहा टाकायला आत जाते. रात्री जेवताना विषय पुन्हा निघतो, बाबांचा आवाज चढतो, "चाळीस वर्षं गाडी चालवतोय मी." गौरी-गणपतीचं विसर्जन होतं, मुलगा मुंबईची गाडी पकडतो आणि स्कूटरची चावी पुन्हा खुंटीला लागते.

हे एका घराचं वर्णन नाही. महाड-पोलादपूर पट्ट्यातली कमावती पिढी मोठ्या संख्येनं मुंबई, ठाणे, पुण्यात आहे आणि गावात मागे राहिलेत ते साठी-सत्तरीतले आईवडील. बँक, दवाखाना, रेशन, कुणाचं लग्न, कुणाचं बारावं, सगळीकडे तेच स्वतः गाडी चालवत जातात. त्यामुळे वयस्कर माणसानं गाडी चालवणं सुरक्षित आहे का, हा प्रश्न इथे फोनवर दर आठवड्याला निघतो आणि दर आठवड्याला अर्धवट राहतो.

कायद्यात वयाची मर्यादा आहे का?

नाही. भारतात लायसन्ससाठी किमान वय आहे, कमाल वय नाही. ९० वर्षांचा माणूसही कायद्यानं गाडी चालवू शकतो, फक्त त्याचं लायसन्स चालू हवं.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि खासगी गाड्यांच्या लायसन्सच्या मुदतीचं गणित बदललं. वय तिशीच्या आत असेल तर लायसन्स चाळिशीपर्यंत मिळतं. तीस ते पन्नासमध्ये काढलं तर दहा वर्षांसाठी. पन्नास ते पंचावन्नच्या दरम्यान काढलं तर साठ वर्षं पूर्ण होईपर्यंत. आणि पंचावन्ननंतर प्रत्येक वेळी पाच वर्षं. म्हणजे बाबांनी ७२ व्या वर्षी नूतनीकरण केलं, तर थेट ७७ पर्यंत त्यांना कोणी काही विचारत नाही.

चाळिशीनंतर नूतनीकरणाच्या अर्जासोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. यालाच आपण 'फॉर्म वन ए' म्हणतो. त्यात डॉक्टरांनी काय बघायचं असतं? दृष्टी ठीक आहे का, चष्म्यानं सुधारते का, चांगल्या उजेडात २५ मीटरवरची नंबर प्लेट वाचता येते का, हॉर्न ऐकू येतो का, हातापायात गाडी चालवायला अडथळा येईल असा काही दोष आहे का. चक्कर, फिट, रातांधळेपणा यांची माहिती अर्जदार वेगळ्या फॉर्मवर स्वतःच देतो. स्वतःच, हा शब्द लक्षात ठेवा.

आता हे प्रमाणपत्र प्रत्यक्षात कसं मिळतं, हे तुम्ही काढलं असेल तर तुम्हाला माहीत आहे. अनेकदा डोळ्यांचा तक्ता भिंतीवर असतो आणि सही टेबलावर होते.

मग वयस्कर चालक जास्त अपघात करतात का?

थेट उत्तर हवं असेल तर आधी उलट्या टोकाकडे बघा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली जवळपास दोन तृतीयांश १८ ते ४५ वयोगटातली होती. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेनं दोघांना उडवलं, तेव्हा पोलिसांच्या म्हणण्यानुसार चालवणारा १७ वर्षांचा होता. वेग, दारू, रात्री दोनची रील, ही सत्तरीतल्या काकांची दुखणी नाहीत. माझ्या वयाच्या लोकांनी काकांच्या ड्रायव्हिंगवर मीम बनवण्याआधी हे आकडे बघायला हरकत नाही.

पण एवढ्यावर काका सुटत नाहीत. हे आकडे मेलेल्यांचं वय सांगतात, चालवणाऱ्याचं नाही. शिवाय तरुण गाडी जास्त चालवतात आणि म्हातारे कमी. खरी तुलना करायची तर किती किलोमीटर चालवल्यावर किती अपघात, असा हिशोब लावावा लागतो. असा हिशोब अमेरिकेत अनेक वर्षं लावला जातोय आणि त्याचा आलेख इंग्रजी यू अक्षरासारखा येतो. विशी ओलांडायच्या आत धोका सगळ्यात जास्त, मग तो उतरत जातो, तिशी ते साठी सगळ्यात सुरक्षित, आणि सत्तरीनंतर रेषा पुन्हा वर चढायला लागते. ऐंशीनंतर चांगलीच.

यात एक मेख आहे. वयस्कर चालकांच्या मृत्यूचं प्रमाण जास्त दिसतं, त्यामागचं मोठं कारण ते जास्त धडकतात हे नसून धडकल्यावर त्यांचं शरीर ते सोसत नाही, हे आहे. तिशीतला माणूस ज्या पडण्यातून खरचटून उठतो, त्याच पडण्यात सत्तरीतल्या माणसाचं खुब्याचं हाड मोडतं. आणि परदेशातली ही आकडेवारी बहुतेक चारचाकीची आहे. आपल्याकडे २०२२ च्या अपघाती मृत्यूंत ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. बिरवाडीच्या अंगणातही स्कूटरच उभी आहे. तिच्यावर ना पत्र्याचा आडोसा, ना सीटबेल्ट.

वयानुसार नेमकं काय बदलतं?

सगळ्यात आधी डोळे. साठीतल्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो. बाहुली लहान राहते, भिंग पिवळट होतं. दिवसा यानं फारसं अडत नाही, संध्याकाळी सातनंतर अडतं. समोरून हाय बीमवर डंपर आला की डोळे दिपतात, आणि ते पुन्हा जागेवर यायला तरुणापेक्षा जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात गाडी चालतच असते.

ब्रिटनच्या राणीचे पती प्रिन्स फिलिप यांना जानेवारी २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, सँडरिंगहॅमजवळ अपघात झाला. मुख्य रस्त्यावर येताना त्यांची गाडी दुसऱ्या गाडीवर आदळली. जखमी महिलेला लिहिलेल्या पत्रात त्यांनी कारण दिलं होतं की सूर्य खाली आला होता आणि समोरची गाडी दिसलीच नाही. तीन आठवड्यांत त्यांनी लायसन्स परत केलं.

मोतीबिंदू हा यातला सगळ्यात सोपा भाग, कारण त्याला उपाय आहे. अमेरिकेतल्या अलाबामामध्ये झालेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. मोतीबिंदू असलेल्या चालकांपैकी ज्यांनी शस्त्रक्रिया केली, त्यांच्या अपघातांचं प्रमाण न करणाऱ्यांच्या जवळपास निम्मं निघालं. आपल्याकडे 'पिकला नाही अजून' म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलत राहतात आणि तोपर्यंत स्कूटर चालूच असते.

दुसरं म्हणजे मान. मणक्याचा त्रास असलेला माणूस पूर्ण मागे वळून बघत नाही, अंदाजानं वळतो. तिसरं, एकाच वेळी चार गोष्टींकडे लक्ष देण्याची क्षमता आणि त्यावर निर्णय घ्यायला लागणारा वेळ. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते. ब्रेकवर पाय पडायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर आठ मीटर जास्त.

चौथी गोष्ट कोणी विचारतच नाही, ती म्हणजे गोळ्या. बीपीच्या गोळीनं उठताना चक्कर येऊ शकते, इन्सुलिन किंवा शुगरच्या काही गोळ्या घेऊन जेवण लांबलं तर साखर एकदम खाली येते, झोपेच्या आणि काही खोकल्या-सर्दीच्या औषधांची गुंगी सकाळपर्यंत राहते. पाच वर्षांत एकदा होणाऱ्या तपासणीत हे सापडणं अवघड आहे.

बिरवाडीच्या रस्त्यावर याचा अर्थ काय?

वयस्कर चालकांचे अपघात वेगामुळे कमी आणि चौकात, वळताना, दुसऱ्याला वाट देताना जास्त होतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. आता हे घेऊन बिरवाडी ते महाड हा प्रवास डोळ्यांसमोर आणा. एमआयडीसीच्या भागात केमिकलचे टँकर, शिफ्ट सुटल्यावर कंपन्यांच्या बस आणि दुचाक्यांची झुंबड. मग मुंबई-गोवा महामार्ग. हा रस्ता दुपदरी होता तेव्हा बाबा त्यावर चालवायला शिकले. आता तो चौपदरी आहे, गाड्या दुप्पट वेगानं येतात, आणि फाट्यावर उजवीकडे जायचं तर लांबून येणाऱ्या गाडीचा वेग ओळखावा लागतो. वाढत्या वयात नेमकं हेच चुकतं. चाळीस वर्षांचा अनुभव खरा आहे, पण तो बराचसा जुन्या रस्त्याचा आहे.

पोलादपूरच्या पुढे कशेडीचा बोगदा आहे. घाटाची वळणं वाचली, हे वयस्करांसाठी चांगलंच झालं. पण भर उन्हातून जवळपास दोन किलोमीटरच्या बोगद्यात शिरताना डोळ्यांना अंधाराशी जुळवून घ्यावं लागतं, आणि त्याला वयानुसार जास्त वेळ लागतो. आंबेनळी आणि वरंध घाटांचं तर बोलायलाच नको. पावसाळ्यात तिथे धुकं आणि दरडी असतात, तिथे भले भले थांबतात.

कडक तपासणी केली तर प्रश्न सुटेल?

जपाननं तो मार्ग घेतला. तिथे ७५ नंतर लायसन्सच्या नूतनीकरणासाठी स्मरणशक्ती आणि आकलनाची चाचणी द्यावी लागते. एप्रिल २०१९ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाच्या गाडीनं एक आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी यांचा जीव घेतला. ब्रेक लागला नाही, असं त्याचं म्हणणं होतं. ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला गेला, असा निष्कर्ष काढून न्यायालयानं २०२१ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा सुनावली. या अपघातानं देश हादरला आणि त्या एका वर्षात सुमारे ६ लाख लोकांनी आपणहून लायसन्स परत केलं. २०२२ पासून, ७५ वरच्या ज्या चालकांनी ठरावीक नियम मोडलेत, त्यांना प्रत्यक्ष गाडी चालवूनही दाखवावी लागते.

फिनलंड आणि स्वीडनची गोष्ट मात्र वेगळी निघाली. शेजारी देश, रस्ते सारखे. फिनलंडमध्ये वयस्करांना वैद्यकीय तपासणी सक्तीची, स्वीडनमध्ये नाही. १९९६ मध्ये संशोधकांनी दोन्हीकडचे अपघात ताडून बघितले, तर फिनलंडच्या तपासणीचा कारच्या अपघातांवर काही फायदा दिसला नाही. उलट तिथे पायी किंवा सायकलवर जाताना मेलेल्या वयस्करांचं प्रमाण जास्त होतं. डेन्मार्कमध्येही नंतर असंच आढळलं.

कारण साधं आहे. गाडी काढून घेतली म्हणून माणूस घरी बसत नाही, तो रस्त्यावर चालायला लागतो. डेन्मार्कमध्ये निदान फुटपाथ आहे. आपल्याकडे मातीच्या कडेनं, टँकरच्या शेजारून चालावं लागतं.

म्हणून माझं मत असं की वयाची रेषा आखून लायसन्स काढून घेणं हा चुकीचा उपाय आहे, आणि पाच वर्षांचा शिक्का मिळाला म्हणून गप्प बसणं हाही. ७० नंतर मुदत कमी असावी आणि डोळ्यांची तपासणी खरोखरची असावी, एवढं तरी व्हायला हवं. सध्याच्या कायद्यातही कलम १६ आहे. आजार किंवा अपंगत्वामुळे चालक धोकादायक ठरू शकतो, असं मानायला सबळ कारण असेल, तर लायसन्स देणारा अधिकारी ते रद्द करू शकतो किंवा नवं वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतो. पण वडिलांची तक्रार घेऊन पेणच्या आरटीओत कोणता मुलगा जाणार?

घरी काय करता येईल?

"उद्यापासून गाडी बंद" हे वाक्य कुठल्याच घरात चाललेलं नाही. त्यापेक्षा आधी एकदा मागे बसा. कुठे ब्रेक उशिरा लागतो, कुठे इंडिकेटर चालूच राहतो, मागचे लोक सारखे हॉर्न मारतात का, वळताना मान वळते का. ओळखीच्या रस्त्यावर फाटा चुकला, गाडीवर नवे ओरखडे दिसले किंवा आई "मी चालत येते" म्हणायला लागली, तर दुर्लक्ष करू नका. आईला सगळं माहीत असतं.

मग थोडं थोडं कमी करा. आधी रात्रीचं, मग पावसातलं, मग महामार्गावरचं. दिवसा गावातल्या गावात सावकाश जाणं बहुतेकांना बरीच वर्षं जमतं. मुलानं सांगितलेलं ऐकलं जात नाही, डॉक्टरांनी सांगितलेलं ऐकलं जातं. म्हणून पुढच्या तपासणीला सोबत जा आणि गोळ्यांची पिशवी पुढे ठेवून विचारा, "यातली कुठली घेतल्यावर गाडी चालवू नये?" आणि नवी ऑटोमॅटिक कार भेट देणार असाल, तर आधी मोकळ्या मैदानात चार दिवस सराव करून घ्या. क्लच गेला की पायांची जुनी सवय गोंधळते.

कागदांचंही बघा. पूर्वी लायसन्सची मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत होती, २०१९ च्या दुरुस्तीत ती गेली. संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते अवैध आहे, दंड ५,००० रुपयांपर्यंत आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी तोच मुद्दा काढते. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. संपून एक वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

राहिला पर्यायाचा प्रश्न. ऑगस्ट २०२२ पासून ७५ पूर्ण केलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे आणि ६५ ते ७५ वयोगटाला अर्धं तिकीट. पण ही सवलत स्टँडवर आणि थांब्यावर मिळते, आणि वाडीपासून थांबा लांब असतो. महाडला डॉक्टरांची वेळ सकाळी अकराची असेल आणि एसटी साडेनऊनंतर थेट साडेबाराला असेल, तर बाबा स्कूटरच काढणार. मुंबईतून महिन्याला दोन-चार रिक्षांचे पैसे पाठवणं हा त्यावरचा साधा उपाय आहे. रिक्षावाला गावातलाच, नंबर सेव्ह केलेला आणि पैसे आधी दिलेले असले, तर "उगाच खर्च कशाला" हा बाबांचा मुद्दाही उरत नाही.