नव्याने बांधलेल्या इंजिनाचा टायमिंग पट्टा : आधी खूण, मग पाना



सोयाबीन निघाले की आपल्या वाशिम जिल्ह्यात छोट्या मालवाहू गाड्यांची लगबग सुरू होते. पोती वाशिम, रिसोड, कारंजाच्या बाजार समितीत न्यायची आणि परत येताना हरभऱ्याचे बियाणे, खत घेऊन यायचे. अशी गाडी जुनी झाली, धूर टाकू लागली, म्हणजे आपण तिचे इंजिन बांधून घेतो. खर्च मोठा असतो. म्हणून बांधलेले इंजिन परत बिघडले की जिवाला लागते.

मागच्या हंगामात मालेगाव तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या अंगणात मी असेच इंजिन पाहिले. बांधून चार महिने झाले होते. पुढच्या बाजूने तेल गळत होते. घरच्या तरुण मुलाने पट्टा काढला, क्रँकशाफ्टवरचे दातेरी चाक हातोड्याने ठोकून काढले, नवे सील बसवले आणि सगळे परत जोडले. चावी फिरवली, एक 'खट्ट' आवाज झाला आणि इंजिन जागीच थांबले. "सायेब, सील तर बरोबर बसवलं, मंग हे फिरून काऊन नाही राह्यलं?" असे वडिलांनी मला विचारले. सील खरेच बरोबर बसले होते. चूक खुणेत झाली होती. व्हॉल्व्ह वाकले होते आणि सोयाबीनची पोती ओसरीवरच पडून होती.

मी कृषी पदवीधर आहे, मिस्त्री नव्हे. पण या कामाची रीत आपल्याला ठाऊक असली तर काम घरी करा की मिस्त्रीकडून करून घ्या, नुकसान टळते. म्हणून हे पत्रक.

हा पट्टा करतो काय?

इंजिनात दोन मुख्य दांडे असतात. खालचा क्रँकशाफ्ट. तो पिस्टनच्या जोरावर फिरतो. वरचा कॅमशाफ्ट. तो व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. या दोघांना रबरी दातेरी पट्टा जोडतो. खालच्या चाकाला जितके दाते, त्याच्या दुप्पट वरच्या चाकाला. म्हणून क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक होतो. बऱ्याच डिझेल इंजिनांत हाच पट्टा डिझेल पंपही फिरवतो.

तिफणीचे उदाहरण घ्या. बैल पुढे चालले आणि चाड्यावरची मूठ मागे राहिली, तर तास रिकामे जाते. इंजिनात तास रिकामे जाऊन भागत नाही. पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह मिटलेला नसला तर दोघांची टक्कर होते. मिनिटाला 3000 फेऱ्यांवर एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो, तेव्हा चुकीला सवड किती ते तुम्हीच बघा. खालच्या चाकाला 20 दाते धरले, तर पट्टा एक दाता सरकला की 18 अंशांचा फरक पडतो.

आपल्या ट्रॅक्टरमध्ये आणि विहिरीवरच्या ऑइल इंजिनात या पट्ट्याच्या जागी बहुतेक लोखंडी गिअर असतात. तिथे पट्टा तुटण्याची भीती नाही, पण खुणा जुळवण्याचा आणि क्रँकशाफ्टवर हातोडा न मारण्याचा नियम तोच.

बांधलेल्या इंजिनात जास्त काळजी का?

कारखान्यातून आलेल्या इंजिनाच्या खुणांवर विश्वास ठेवता येतो. बांधलेल्या इंजिनाचे तसे नाही. एखादे चाक दुसऱ्या इंजिनाचे बसवलेले असते. जुनी खूण घासून गेलेली असते, किंवा आधीच्या माणसाने स्वतःची दुसरीच खूण केलेली असते. हेड घासून सपाट केले असेल तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातील अंतर आणखी कमी झालेले असते. म्हणून दिसलेली खूण खरी मानू नका. आधी तपासा, मग आपली खूण करा.

आणखी एक. मिस्त्रीने ठरावीक मुदतीची हमी दिली असेल आणि ती संपली नसेल, तर इंजिन घरी उघडू नका. आधी त्यालाच दाखवा. एकदा आपला पाना लागला की "तुम्हीच बिघडवलं" असे ऐकावे लागते.

तयारी

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. गाडी सपाट जागी लावून चाकांना दगड लावा. बॅटरीची उणे बाजूची तार काढा. गाडीखाली जायचे असेल तर नुसत्या जॅकवर भरवसा नको, खाली पक्का आधार द्या. सैल बाही, उपरणे बाजूला ठेवा. हत्यारांत योग्य मापाचे पाने, दोन किंवा तीन पायांचा पुलर, टॉर्क पाना आणि पांढरा रंग हवा. पुलर नसेल तर काम सुरूच करू नका. हातोडा ही त्याची बदली नव्हे.

काढण्याचा क्रम

1. पट्टा जागेवर असतानाच क्रँकशाफ्टचा मधला बोल्ट सैल करा. तो फार घट्ट असतो. गाडी वरच्या गिअरमध्ये घालून एकाने पायब्रेक दाबून धरावा आणि दुसऱ्याने पाना ओढावा. बोल्टचा आटा उलटा आहे का, ते आधी पुस्तिकेत पाहा. स्टार्टरचा झटका देऊन बोल्ट सोडवू नका. पाना उडून हात मोडतो.

2. बोल्ट सुटला की पुन्हा हलका आवळा आणि गाडी न्यूट्रल करा. आता त्याच बोल्टवर पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवा. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन दाबाच्या वेळी सगळ्यात वर आला पाहिजे. ओळखायचे कसे? वरचे झाकण काढून पाहा. पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असावेत आणि फ्लायव्हीलवरची खूण जुळलेली असावी. बाहेरच्या पुलीवरच्या खुणेपेक्षा फ्लायव्हीलची खूण भरवशाची, कारण पुली बदललेली असू शकते.

3. बाहेरची पुली आणि पट्ट्यावरचे झाकण काढा. क्रँक, कॅम आणि डिझेल पंप, तिन्ही चाकांवर आणि त्यांच्यासमोर इंजिनाच्या अंगावर पांढऱ्या रंगाची रेघ मारा. दोन खुणांमध्ये पट्ट्याचे किती दाते आहेत ते मोजून वहीत लिहा. मोबाइलवर फोटो काढला तर उत्तमच.

4. टेन्शनर सैल करा आणि पट्टा हातानेच अलगद सरकवा. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका. पट्टा सुटताच व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमुळे कॅमशाफ्ट थोडा हलू शकतो. घाबरू नका, रेघ आहेच. मात्र यानंतर क्रँकशाफ्ट किंवा कॅमशाफ्ट मुद्दाम फिरवू नका.

5. मधला बोल्ट पूर्ण काढा. जाड वायसर कोणत्या बाजूने होता ते लक्षात ठेवा. दातेरी चाक पुष्कळदा हातानेच सरकते. अडले तर गंज सोडवणारे तेल सोडा आणि थोडा वेळ थांबा. नंतर पुलर लावा. पुलरचे पाय चाकाच्या मधल्या जाड भागामागे धरा, दात्यांच्या कडेला नव्हे. पुलरचा स्क्रू क्रँकशाफ्टच्या आट्यांवर टेकू नये म्हणून मध्ये आखूड बोल्ट किंवा पितळेचा तुकडा ठेवा. मग सावकाश आवळत जा.

हातोडा मारला तर काय होते? चाकाची कड तुटते, आटे चेपतात आणि धक्का थेट क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर जातो. बांधकामात घातलेले नवे बेअरिंग त्या एका घावाने खराब होऊ शकते.

6. चाक निघाले की खाचेतली छोटी लोखंडी चावी जपून काढा. ती घरंगळून हरवते. चावी कापल्यासारखी दिसते का, खाच रुंद झाली का, ते बोटाने चाचपून बघा. तसे असेल तर मागच्या वेळी मधला बोल्ट नीट आवळलेला नव्हता, असे समजा. नवी, मापाची चावी घाला. डब्याचा पत्रा कापून खाचेत भरणे हा उपाय नाही. तो पत्रा एक दिवस सरकतो आणि त्याच्याबरोबर इंजिनाची वेळही.

तेल का गळले, ते शोधा

नुसते सील बदलून भागत नाही. सीलची ओठासारखी कड बसवताना दुमडली होती का? शाफ्टवर सीलने घासून खाच पडली आहे का? इंजिनाचा श्वास घेण्याचा मार्ग, म्हणजे ब्रीदर, बुजला आहे का? तो बुजला तर आतला दाब वाढतो आणि नवे सीलसुद्धा गळू लागते. नवे सील बसवताना त्याच्या कडेला तेल लावा आणि सील सरळ दाबा.

तेलाने भिजलेला पट्टा परत बसवू नका. तेलाने रबर फुगते आणि दाते सुटतात. पट्टा धुऊन वाळवला तरी त्याचा भरवसा नाही. नवा पट्टा मुडपू नका, पिळू नका. त्यावर बाण असेल तर इंजिन फिरण्याच्या दिशेने बसवा. टेन्शनरचे चाक फिरवून बघा. खरखर लागली तर तेही बदला.

जोडल्यावर दोन फेरे हाताने

चावी, चाक, वायसर जागेवर बसवा. सगळ्या रेघा जुळवून पट्टा चढवा आणि टेन्शनर लावा. मधला बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या मापानेच टॉर्क पान्याने आवळा. पुस्तिकेत नवा बोल्ट सांगितला असेल तर नवाच घाला.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी. क्रँकशाफ्ट पान्याने, नेहमीच्या दिशेने, सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवा. दोन फेऱ्यांनंतर सर्व रेघा पुन्हा समोरासमोर आल्या पाहिजेत. मध्येच कुठे कठीण लागले तर जोर करू नका. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला आहे. थांबा, पट्टा काढा आणि पुन्हा जुळवा. हाताला अडथळा कळतो, स्टार्टरला कळत नाही. मालेगावच्या त्या अंगणात हे दोन फेरे हाताने फिरवले असते, तर व्हॉल्व्ह वाचले असते.

मिस्त्रीला विचारा

काम बाहेर दिले तरी शेजारी उभे राहा आणि चार गोष्टी विचारा. खुणा तपासून केल्या का? पुलर वापरला का? चावी आणि खाच पाहिली का? दोन फेरे हाताने फिरवले का? चांगला मिस्त्री या प्रश्नांनी रागावत नाही. पट्टा बदलल्याची तारीख आणि त्या दिवशीचे किलोमीटर कागदावर लिहून गाडीत चिकटवा. पुढचा पट्टा पुस्तिकेतील मुदतीत बदला. तुटायची वाट पाहू नका.

थोडक्यात

जुन्या खुणेवर विसंबू नका, आपली खूण करा. ठोकू नका, ओढून काढा. चावी जपा. गळतीचे मूळ शोधा. तेलकट पट्टा टाकून द्या. आणि इंजिन चालू करण्याआधी दोन फेरे हाताने.

हे पत्रक गाडीच्या कागदांबरोबर ठेवा. शेजाऱ्याची गाडी अडली तर त्यालाही वाचून दाखवा.