पत्ता खरा, पण माणूस कोण?

समोर आलेला मनुष्य तोच कीं दुसरा, हा प्रश्न व्यवहाराइतकाच जुना आहे. समोरासमोर असतांना चेहरा व आवाज यांवरून ओळख पटते. दूरच्या व्यवहारांत सही-शिक्क्यावर विसंबावें लागतें. इंटरनेटवर यांपैकीं कांहींच सहजासहजीं हातीं लागत नाहीं. तेथें कोणीही कोणतेंही नांव लिहावें, आणि पलीकडच्या यंत्रानें तें निमूटपणें टिपून घ्यावें! या अडचणीवर जी युक्ति सर्वत्र योजतात, ती म्हणजे ई-मेलच्या पत्त्याची पडताळणी.

युक्ति मोठी साधी आहे. एखाद्या गृहस्थानें नवें खातें उघडतांना आपला पत्ता लिहिला, कीं संस्थेचा सर्व्हर कोणालाही अटकळ बांधतां येणार नाहीं अशी अक्षरांची लांबलचक माळ तयार करतो, तिची नोंद ठेवतो, आणि ती एका लिंकमध्यें गुंफून त्या पत्त्यावर धाडतो. लिंक उघडली म्हणजे माळ सर्व्हरकडे परत येते. नोंदीशीं जुळली कीं पडताळणी पुरी झाली. कित्येकदां माळेऐवजीं सहा आंकड्यांची संख्या पाठवितात. अशा संख्या एकंदर १० लाख होतात. पांचच प्रयत्नांची मुभा असली, तर निव्वळ अंदाजानें ती साधण्याचा संभव २ लाखांत एक इतकाच उरतो. म्हणून प्रयत्नांना मर्यादा, थोड्या मिनिटांची मुदत, आणि एकदां वापरतांच संख्या रद्द, हीं तीन बंधनें या युक्तीचा प्राण होत.

येथें एक शंका संभवते. त्या गृहस्थालाच संस्थेकडे ई-मेल पाठवावयास सांगितलें तर काय बिघडलें? बिघडतें तें असें, कीं १९८२ सालीं ई-मेलच्या वाहतुकीचे जे नियम ठरले, त्यांत पाठविणाऱ्याचें नांव खरें कीं खोटें हें तपासण्याची तरतूदच नव्हती. पाकिटाच्या पाठीवर वाटेल त्याचें नांव घालावें, तसाच तो प्रकार. पुढें तपासणीच्या पद्धति निघाल्या. पण त्या सर्वत्र सारख्या कडकपणें पाळल्या जात नाहींत. उलट, पाठविलेलें पत्र ज्याच्या पत्त्यावर धाडावें त्याच्याच पेटींत पडतें. म्हणून आलेल्या पत्रावर विश्वास न ठेवतां, गेलेल्या पत्राचें उत्तर येतें कीं नाहीं हें पाहावयाचें.

परंतु या परीक्षेनें सिद्ध काय होतें? रजिस्टर पत्राची पोंचपावती परत आली, म्हणजे पत्र त्या घरीं पोंचलें हें ठरतें. दार उघडून सही करणारा कोण होता, हें तेवढ्यावरून ठरत नाहीं. ई-मेलचेंही तसेंच. पेटीची किल्ली त्या क्षणीं ज्याच्या हातीं, तोच तिचा धनी, इतकेंच यंत्राला कळतें.

आणि खरा धोका येथेंच आहे. इतर खात्यांचा परवलीचा शब्द विसरला, तर नवा शब्द ठरविण्याची लिंक याच पेटींत येते. म्हणजे घरांतल्या साऱ्या किल्ल्या एकाच पेटींत! सप्टेंबर २००८ मध्यें अमेरिकेंतील उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांची ई-मेलची पेटी एका विद्यार्थ्यानें उघडली, ती कांहीं कुलूप फोडून नव्हे. परवलीचा शब्द विसरल्याची बतावणी करून, जन्मतारीख, पतीशीं प्रथम भेट कोठें झाली, असल्या प्रश्नांचीं उत्तरें त्यानें दिलीं. आणि तीं उत्तरें तर जगजाहीर होतीं.

तेव्हां शहाण्या कुटुंबानें बँकेच्या पासबुकापेक्षांही या पेटीस अधिक जपावें. तिचा परवलीचा शब्द दुसरीकडे कोठेंही वापरूं नये; दुसऱ्या टप्प्याच्या तपासणीची कडी तिला अवश्य घालावी. आलेली संख्या तर, विचारणारा कितीही गोड बोलो, कोणासही सांगूं नये. जिनें ती पाठविली त्या संस्थेला ती ठाऊकच असते. फोनवरून विचारणारा तो बहुधा चोरच.