मूल बोलत नाही, त्यानंतर

अडीच-तीन वर्षांचं मूल बोलत नाही. मारेगाव तालुक्यातल्या एखाद्या अंगणवाडीत सेविकेला वाढीबद्दलची पहिली शंका येते ती बहुधा अशी. तिनं ती घरी बोलून दाखवली की आजीचं उत्तर तयार असतं : "बोलंन तो, त्याचा बापही उशिराच बोलला होता." बहुतेक वेळा आजी खरी ठरते. ठरत नाही, तेव्हा मुलाची शिकण्याची सगळ्यांत सुपीक वर्षं निघून गेलेली असतात.

न बोलण्याला कारणं अनेक. जन्मापासून ऐकू येत नसेल. कान सतत वाहत असल्यानं अर्धवट ऐकू येत असेल. बौद्धिक वाढ मंद असेल किंवा स्वमग्नता असेल. आणि यातलं काहीच नसेल, घरात कोलामी बोलतात आणि अंगणवाडीत मराठी, एवढंच असेल. वरून पाहता ही सगळी मुलं सारखीच गप्प दिसतात. पण एकाला श्रवणयंत्र हवं, दुसऱ्याला कानाचं औषध, तिसऱ्याला विशेष शिक्षक आणि चौथ्याला फक्त त्याची भाषा समजणारी ताई. विशेष शिक्षणासाठी मुलं ओळखणं म्हणजे या गप्प मुलांमधला फरक ओळखणं. त्यासाठी देशात कायदे आहेत, योजना आहेत, चाचण्याही आहेत. प्रश्न त्या सगळ्या एका मुलापर्यंत वेळेत पोचतात का, हा आहे.

मारेगाव हा यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेकडचा, वणीला लागून असलेला कापसाचा तालुका. मार्डी, कुंभा, बोटोणी अशी मोठी गावं सोडली की रानाच्या कडेनं कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, लागतात. केंद्र सरकारनं महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना विशेष असुरक्षित आदिम जमाती ठरवलं, त्यात कातकरी आणि माडिया गोंडांबरोबर कोलाम आहेत. त्यांची कोलामी ही गोंडीप्रमाणेच द्राविडी कुळातली. मराठीशी तिचं शेजाराचं नातं, रक्ताचं नाही.

पहिली चाळणी

मूल जन्मल्यावर पहिल्या ४२ दिवसांत आशा ताईनं ठरावीक दिवशी घरी यायचं असतं. पुढे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी भेट. आईच्या हाती माता-बाल संरक्षण कार्ड असतं. त्यात लसीकरण आणि वजनाच्या आलेखासोबत मूल कधी हसायला, मान धरायला, बसायला, बोलायला हवं याची चित्रं असतात. लसीची पानं नियमानं भरली जातात, चित्रांच्या पानांकडे मात्र कुणी फारसं फिरकत नाही.

यानंतरची चाळणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. हा देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला तो महाराष्ट्रातच, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरला. जन्मजात व्यंग, पोषणातली कमतरता, बालपणीचे आजार आणि विकासातला विलंब या चार गटांतल्या ३० स्थिती शोधायच्या, वय जन्मापासून १८ वर्षांपर्यंत. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक पुरुष आणि एक स्त्री, सोबत परिचारिका आणि औषधनिर्माता. त्यांनी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जायचं. मूल संशयित वाटलं तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं.

चाळणीची साधनं अगदी साधी असू शकतात. केरळात डॉ. एम. के. सी. नायर आणि सहकाऱ्यांनी तयार केलेल्या त्रिवेंद्रम विकास तक्त्यात दोन वर्षांपर्यंतच्या वयासाठी फक्त १७ बाबी आहेत. प्रत्येक बाबीपुढे एक आडवी पट्टी, तिच्या दोन टोकांमध्ये ती गोष्ट मुलं साधारण कोणत्या महिन्यात करतात ते वय. मुलाच्या वयावर पेन्सिल उभी धरायची. पेन्सिलीच्या डावीकडे पूर्ण संपलेल्या पट्टीतली गोष्ट मूल करत नसेल, तर पुढची तपासणी हवी. काम काही मिनिटांचं.

पण चाळणी म्हणजे निदान नव्हे. पथकासमोर अनोळखी चेहऱ्यांना बुजून गप्प बसलेलं मूल आणि खरोखर न बोलणारं मूल एकाच रकान्यात जाऊ शकतं. उलट, तपासणीच्या दिवशी जे मूल आईबरोबर कापूस वेचायला शेतावर गेलेलं असतं, ते कोणत्याच रकान्यात जात नाही. विदर्भातला वेचणीचा हंगाम आणि वर्षातल्या दोन भेटींपैकी एक भेट एकत्र आली, तर त्या मुलाची वर्षातली निम्मी संधी तिथंच गेली.

मोजपट्ट्या कुणाच्या?

संशयाच्या पुढे येतं मूल्यमापन. त्याचा इतिहास शाळेपासूनच सुरू होतो. नेहमीच्या वर्गात मागं पडणारी मुलं कशी ओळखायची, हा प्रश्न फ्रान्सच्या सरकारनं १९०४ साली एका समितीपुढे ठेवला. त्यातून १९०५ मध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमों यांची पहिली बुद्धिमापन श्रेणी आली. ती आपल्याकडे आणली डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी. तेव्हाच्या मुंबई-कर्नाटक भागातल्या मराठी आणि कन्नड मुलांवर त्यांनी १९३४ साली तिची आवृत्ती बेतली. 'बिने-कामत' या नावानं ती आजही देशभरातल्या दवाखान्यांत वापरात आहे.

अगदी लहान बाळांसाठीची मोजपट्टीही एका मराठी नावाची आहे. डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात बाळांच्या वाढीचा दीर्घ अभ्यास करून १९७० साली श्रेणी सिद्ध केली, ती १९९७ मध्ये सुधारली. डीएएसआयआय म्हणून ती ओळखली जाते. तिच्यात हालचालींच्या ६७ आणि मानसिक वाढीच्या १६३ बाबी आहेत. ठोकळे, घंटा, कप अशा वस्तू बाळासमोर ठेवायच्या आणि ते त्यांचं काय करतं ते टिपायचं.

तिसरी मोजपट्टी विदर्भातली. नागपूरच्या चाइल्ड गायडन्स सेंटरमध्ये काम करणारे डॉ. आर्थर मालिन यांनी अमेरिकेतली व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी भारतीय घरांना जुळेल अशी बदलली. तिच्यात ८९ बाबी आहेत. इथं मुलाची परीक्षा घेत नाहीत, पालकांना विचारतात : स्वतःच्या हातानं जेवतो का, बटणं लावतो का, घराच्या आसपास एकटा फिरतो का. उत्तरांवरून सामाजिक वय काढायचं, त्याला खऱ्या वयानं भागून शंभरानं गुणायचं.

आता ही श्रेणी पोडावर नेऊन पाहा. चार वर्षांचं मूल तिथं आसपासच काय, थोरल्या भावंडांमागं शेळ्यांपाठी रानाच्या कडेपर्यंत जाऊन येतं. या बाबीत ते शहरातल्या मुलाच्या कितीतरी पुढे असेल. पण त्याच्या अंगातल्या सदऱ्याला बटणंच नसतील, तर लावायला ते कधी शिकणार? अनुभवी मानसशास्त्रज्ञ हे जाणतो, गुण देताना संधी मिळाली होती का हेही पाहतो. घाईत असलेला फक्त खूण करतो.

भाषेचा प्रश्न याहून मोठा. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या नऊ मेक्सिकन-अमेरिकन मुलांच्या वतीनं १९७० साली 'डायना' नावानं गाजलेला खटला उभा राहिला. घरी स्पॅनिश बोलणाऱ्या या मुलांची बुद्धी इंग्रजी चाचणीनं मोजून त्यांना मंदबुद्धी वर्गात बसवलं होतं. त्यांच्या भाषेत पुन्हा चाचणी घेतल्यावर बहुतेकांचे गुण त्या मर्यादेच्या वर निघाले. पुढे १९७५ साली तिथं अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला, त्यात मुलाच्या भाषेत मूल्यमापन करणं आणि एकाच चाचणीवर निर्णय न देणं ही बंधनं आली. आता तर पालकांच्या संमतीपासून ६० दिवसांत मूल्यमापन पुरं करण्याची मुदतही आहे.

यवतमाळात मराठी चाचणीपुढे बसलेलं कोलाम मूल त्या नऊ मुलांहून फार वेगळं नाही. मात्र धोका दोन्हीकडून आहे. भाषेमुळे गप्प असलेलं हुशार मूल 'मंद' ठरू शकतं. आणि खरोखर ऐकू न येणाऱ्या मुलाबद्दल "त्यांची भाषाच वेगळी, शाळेत आला की शिकेल" असं म्हणून सगळे निश्चिंत होऊ शकतात. दुसरी चूक अधिक महाग, कारण ती कुणाच्या ध्यानातच येत नाही.

यवतमाळची वारी

ऐकू येतं की नाही हे नक्की करणारी बेरा तपासणी झोपेत करतात. कपाळाला आणि कानामागं इलेक्ट्रोड चिकटवून, कानात टकटक आवाज सोडून मेंदूचा प्रतिसाद टिपतात. म्हणून आईला सांगतात, आदल्या रात्री पोराला उशिरापर्यंत जागवा. पोडावरून निघालेलं, रात्रभर जागलेलं पोर एसटीत बसताच आईच्या मांडीवर गाढ झोपतं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत टक्क जागं होतं. मग झोपेचं औषध, वाट पाहणं, किंवा पुढची तारीख. प्रत्येक तारखेला आईची एक रोजी बुडते.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचे नियमही समजून घ्यायला हवेत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यानं अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्यात स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमतेबरोबर सिकलसेलही आला. विदर्भाच्या आदिवासी भागात हा आजार घरोघरी ठाऊक आहे, आणि त्यामुळे वारंवार शाळा बुडवणारं मूलही आता या कायद्याच्या कक्षेत येतं. जानेवारी २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत बौद्धिक अक्षमतेची टक्केवारी व्हाइनलँडच्या गुणांवरून ठरवली होती : ५५ ते ६९ गुण असतील तर ५० टक्के, ३६ ते ५४ असतील तर ७५ टक्के. बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून पुढे लागू होतात. पाच वर्षांखालच्या मुलाला बौद्धिक अक्षमतेऐवजी 'सर्वांगीण विकासातील विलंब' असं निदान मिळतं, प्रमाणपत्र तात्पुरतं असतं आणि मूल मोठं झालं की पुन्हा तपासावं लागतं. वाचन-लेखनातल्या अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र तर आठव्या वर्षाआधी मिळतच नाही.

हे नियम शास्त्राला धरून आहेत. लहान मूल झपाट्यानं बदलतं, त्याच्यावर कायमचा शिक्का मारू नये हे बरोबरच. घोटाळा होतो तो 'प्रमाणपत्र नाही म्हणजे मदतही नाही' असा अर्थ काढला की. कोणत्याही शास्त्रात असं सांगितलेलं नाही. शंका आल्याबरोबर मुलाशी जास्त बोलणं, खुणा वापरणं, कान तपासणं सुरू करता येतं. त्याला शिक्का लागत नाही.

शाळेच्या दारात

सहाव्या वर्षी मूल शिक्षण हक्क कायद्याच्या छायेत येतं. २०१२ च्या दुरुस्तीनं त्यात अपंग मुलांचा स्पष्ट समावेश झाला, तीव्र अपंगत्व असलेल्यांना घरी शिकण्याचा पर्यायही मिळाला. २०१६ च्या कायद्याचं कलम १७ दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचं सर्वेक्षण करायला सांगतं. वर्गशिक्षकासाठी एनसीईआरटीची 'प्रशस्त' ही पडताळणी सूची आहे, २०२२ पासून ती ॲपवरही आहे. शिक्षकानं आपलं निरीक्षण नोंदवायचं, मग विशेष शिक्षकानं ते तपासायचं, आणि त्यानंतर मुलानं वैद्यकीय तपासणीला जायचं. हे विशेष शिक्षक समग्र शिक्षा योजनेतून पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात असतात आणि शाळाशाळांतून फिरतात. योजनेत विशेष गरजेच्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे, मुलींना महिना २०० रुपये प्रोत्साहन भत्ता दहा महिन्यांसाठी.

सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवून दिलं. मात्र दहा मुलं एका इमारतीत असली तर हे प्रमाण ठीक. पोडापोडांवरच्या छोट्या शाळांत ती एकेक करून विखुरलेली असतात. तिथं शिक्षकाचा दिवस शिकवण्यापेक्षा रस्त्यावरच अधिक जातो.

अंगणवाडीपुरती २०२३ च्या नोव्हेंबरात एक चांगली गोष्ट झाली : दिव्यांग मुलांसाठीचा अंगणवाडी प्रोटोकॉल केंद्रानं आणला. मूल ओळखणं, त्याला अंगणवाडीतच सामावून घेणं आणि पुढे पाठवणं ही कामं त्यात सेविकेच्या रोजच्या कामात गुंफली आहेत. ओळखण्याबरोबर सामावून घेण्याची जबाबदारी आली, हे त्यातलं महत्त्वाचं.

किती सुटतात?

२०११ च्या जनगणनेत देशात सहा वर्षांपर्यंतची २०.४२ लाख मुलं अपंग नोंदली गेली, म्हणजे त्या वयाच्या मुलांपैकी सव्वा टक्का. पण उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणी झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन ते सहा वयातल्या ९.२ टक्के मुलांना मेंदूच्या वाढीशी निगडित एखादी तरी अडचण आढळली. दोन्हींच्या व्याख्या वेगळ्या, त्यामुळे सरळ तुलना होत नाही. तरी घरात प्रश्न विचारून सापडणारी मुलं आणि नीट तपासून सापडणारी मुलं यांतलं अंतर त्यातून कळतं.

म्हणून तालुक्याच्या कामाचं मोजमाप बदलायला हवं. आज अहवालात असतं ते किती मुलं तपासली आणि किती पुढे पाठवली. मारेगावात अंगणवाडी, आरोग्य पथक आणि गट साधन केंद्र यांची मिळून एकच नोंदवही असावी, आणि तिच्यात प्रत्येक मुलापुढे फक्त दोन तारखा असाव्यात : शंका पहिल्यांदा कधी आली आणि पहिली प्रत्यक्ष मदत कधी मिळाली. घरची भाषा कोणती, हाही एक रकाना हवा, म्हणजे कोलामी बोलणाऱ्या मुलाच्या तपासणीला पोडावरचीच एखादी जाणती बाई सोबत बसवता येईल. त्या दोन तारखांमधल्या दिवसांचा हिशेब दर तिमाहीला पंचायत समितीच्या सभेत वाचला गेला, की अडलंय कुठं हे शोधायला वेगळी समिती नेमावी लागणार नाही. ते अंतर कमी झालं तरच योजना चालली म्हणायची. तपासलेल्या मुलांचा आकडा कितीही मोठा असला तरी त्यावरून हे ठरत नाही.