दंशापासून ग्राहीपर्यंत

बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेल्या कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत, जेथे शेतकऱ्यांचे आणि कातकरी-ठाकरांचे हात रोजच दगडी बांधांत, पेंढ्याच्या उडवीत आणि लाकूडफाट्यात जातात, तेथे विंचवाचे भय पिढीजाद आहे; आणि गेल्या अर्धशतकात या भयावर जो इलाज सापडला, तो याच रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागात, महाड तालुक्यात झालेल्या संशोधनातून सापडला.

१९७६ साली, रायगड जिल्हा सरकारदप्तरी कुलाबा या नावानेच नोंदला जात असे त्या काळी, डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेथील विंचवांत थोराड काळ्या इंगळीपेक्षा लहानगा तांबडा विंचूच अधिक घातक. त्याच्या तीव्र दंशानंतर दरदरून घाम सुटे, उलट्या होत, हातपाय गार पडत आणि अखेरीस फुप्फुसांत पाणी भरून शेकडा २५ ते ३० रुग्ण दगावत. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून या लक्षणांचा क्रम टिपला आणि १९८२ साली तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

हे विष ज्ञानतंतूंतील सोडियमचे मार्ग वेळेवर मिटू देत नाही; त्यामुळे तंतू अखंड उद्दीपित राहतात आणि ॲड्रेनॅलिन व नॉरॲड्रेनॅलिन ही शरीराचीच संदेशवाहक द्रव्ये अपरिमित प्रमाणात स्रवतात. परंतु ज्या कचेरीच्या नावे हुकूम निघाला तेथेच त्याची बजावणी व्हावी, त्याप्रमाणे ज्या पेशीवर अशा द्रव्याचा ग्राही, म्हणजे ते द्रव्य स्वीकारणारी जागा, असेल तिच्यातच ते कार्य घडविते. पेशींवरील अशा ग्राहीची, म्हणजे ‘ग्रहणशील द्रव्या’ची, कल्पना शास्त्रज्ञ लँग्ली यांनी इंग्लंडात १९०५ साली मांडली. ॲड्रेनॅलिनच्या ग्राहींचे अल्फा व बीटा हे भेद आल्क्विस्ट यांनी अमेरिकेत १९४८ साली केले. रोहिणींच्या भित्तिकांतील अल्फा ग्राही चेतवले जाताच रोहिण्या आवळतात, रक्तदाब चढतो आणि त्या भाराने हृदय खचते.

अंगात भिनलेल्या विषाचा संदेश निदान ग्राहीपाशी अडविता येईल, या विचाराने बावस्करांनी प्राझोसिन हे मूळचे रक्तदाबावरचे औषध योजिले. ते अल्फा ग्राहींची जागा अडविते, आणि आवळलेल्या रोहिण्या सैलावतात. हा अनुभव १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्येच आला, आणि पुढे मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्या आत उतरले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, महाडच्या ७० रुग्णांवरील चाचणीने प्राझोसिनच्या जोडीस प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो हेही दाखविले. २०२२ साली बावस्करांस पद्मश्री मिळाली.

दूरदेशीच्या प्रयोगशाळांत पारखल्या गेलेल्या एका सूक्ष्म कल्पनेची आणि तालुक्याच्या दवाखान्यातील चिकाटीच्या निरीक्षणाची येथे गाठ पडली, म्हणूनच स्वस्तातली एक गोळी प्राणरक्षक ठरली. मात्र ती वैद्याच्या देखरेखीखाली आणि वेळेवर मिळाली पाहिजे. यास्तव कर्जत-खालापुराच्या दुर्गम वाड्यांतील रुग्णाने मांत्रिकाकडे एक घटकाही न दवडता दवाखाना गाठावा, आणि त्या दवाखान्यात हे औषध शिलकीत ठेवण्यात शासनाने कसूर करू नये, हाच या साऱ्या इतिहासाचा बोध आहे.