घर बदलताय? टीव्हीचं कनेक्शन शिफ्ट करण्याआधी हा भाग ऐका (आणि वाचा)

ज्यांना लोकलमध्ये नाहीतर ऑफिसच्या बसमध्ये ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी हा भाग लेखी. बोलले तेच लिहिलंय, फक्त मधले 'म्हणजे बघा' थोडे कमी केलेत.

आजचा विषय ऐकून काहीजण म्हणतील, टीव्ही कोण बघतं आता? मीही नाही बघत. पण माझी आई बघते. बाबा गेल्यानंतर सहा महिन्यांनी आई साताऱ्याहून माझ्याकडे पुण्याला राहायला आली. भांडी, देव, शिलाई मशीन सगळं टेंपोत चढलं. तिने एकच अट घातली होती, "माझा टीव्ही जसा आहे तसा तिकडे लागला पाहिजे." मी म्हटलं, त्यात काय, ॲपवर रिक्वेस्ट टाकते, दोन दिवसांत होईल. लागले अठरा दिवस. ते का लागले, आणि तुमचे कसे लागू नयेत, ते सांगते.

नक्की काय शिफ्ट होतं?

डीटीएच म्हणजे तीन वस्तू. एक, तुमचं खातं, म्हणजे ग्राहक क्रमांक, त्यातला बॅलन्स आणि पॅक. दोन, सेट-टॉप बॉक्स. तीन, डिश, तिच्या तोंडाशी बसवलेला एलएनबी आणि तिथून येणारी केबल.

खातं देशात कुठेही चालतं, कारण सिग्नल आकाशातून येतो. बॉक्सही चालतो, पण त्याच कंपनीचा. मोबाइल नंबर पोर्ट करतो तसं इथे नाही. एका कंपनीच्या बॉक्सवर दुसरीचे चॅनल उघडत नाहीत, कारण कुलूप-किल्ली त्या कंपनीचीच असते. कुठलाही बॉक्स कुठेही चालावा अशी शिफारस ट्रायने २०२० मध्ये केली होती, पण आपल्या घरातल्या बॉक्सना त्याचा काही उपयोग झालेला नाही.

डिश आणि केबल मात्र शक्यतो तंत्रज्ञाकडूनच काढून घ्या. आमच्या टेंपोवाल्या दादांनी मदत म्हणून डिश उपटली, केबल विळ्याने कापली आणि एलएनबी गादीखाली दाबून आणला. तो बाद झाला. नवीन घ्यावा लागला.

पहिली अडचण: ओटीपी कुणाच्या फोनवर?

कनेक्शन बाबांच्या नावावर, नोंदणीकृत मोबाइल नंबरही त्यांचाच. ॲपमध्ये पत्ता बदलायला गेले तर ओटीपी त्या नंबरवर. कस्टमर केअरला फोन केला तरी तेच, "मॅडम, रजिस्टर्ड नंबरवरून कॉल करा."

आता खरं सांगते. बाबांच्या सिमचा रिचार्ज बंद कर, असं मी आईला चारदा सांगितलं होतं. कुणी वापरत नाही, उगाच पैसे. ती "हो हो" म्हणाली आणि दर महिन्याला गुपचूप कोपऱ्यावरच्या दुकानातून रिचार्ज करत राहिली. तो फोन तिच्या पर्समध्ये होता, चार्ज केलेला. त्यावर ओटीपी आला. तिने चष्मा लावून सहा आकडे मोठ्याने वाचून दाखवले. मी काही बोलले नाही.

तिने माझं ऐकलं असतं तर काय झालं असतं? प्रीपेड सिम ९० दिवस अजिबात वापरलं नाही की ते बंद होऊ शकतं, आणि काही काळाने तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. मग तुमच्या टीव्हीचा, गॅसचा, बँकेचा ओटीपी एखाद्या अनोळखी माणसाकडे जातो. म्हणून घरातलं कुणी गेलं असेल तर सिम बंद करण्याआधी त्या नंबरला काय काय जोडलंय याची यादी करा, आणि एकेक करून नंबर बदलून घ्या.

नाव बदलायला आमच्याकडे मृत्यू दाखल्याची प्रत, आईचं आधार कार्ड आणि एक सहीचा अर्ज मागितला. आधी नंबर आणि नाव, मग पत्ता, हा क्रम ठेवा. आम्ही आधी पत्ता बदलायला गेलो, तर नावाचा अर्ज येईपर्यंत ती रिक्वेस्ट तशीच लोंबकळत राहिली. आठ दिवस त्यात गेले.

दुसरी अडचण: बाल्कनी कुठे बघते?

हा माझा आवडता भाग. डीटीएचचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतात. पृथ्वीच्याच वेगाने फिरत असल्यामुळे ते आपल्याला एका जागी थांबल्यासारखे दिसतात. म्हणून डिश एकदा लावली की हलवावी लागत नाही, पण नेम अचूक हवा.

टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर आहेत, डीडी फ्री डिशचा ९३.५ वर, एअरटेलचा १०८.२ वर. पुणे साधारण ७४ वर. म्हणजे हे सगळे आपल्या पूर्वेला, आणि विषुववृत्तावर असल्याने दक्षिणेलाही. गणित करून बघितलं. पुण्यातून ८३ अंशांचा उपग्रह होकायंत्रावर साधारण १५३ अंशांना दिसतो आणि क्षितिजापासून ६६ अंश वर. ९३.५ चा १३२ अंशांना आणि ५९ अंश वर. १०८.२ चा ११५ अंशांना आणि ४५ अंश वर.

सोप्या मराठीत सांगायचं तर डिशला आग्नेयेकडचं उघडं आकाश हवं. आमची बाल्कनी पश्चिमेला, सूर्यास्त बघायला एकदम झकास! डिशसाठी मात्र शून्य उपयोगाची, कारण उपग्रह आणि आमच्यामध्ये अख्खी बिल्डिंग उभी. कंपनी बदलून फायदा नव्हता, सगळे तिकडेच.

त्यामुळे फ्लॅट बघायला जाल तेव्हा फोनमधलं कंपास ॲप उघडा. लोखंडी रेलिंगपासून दोन पावलं लांब उभे राहा, नाहीतर सुई फसवते. आग्नेयेकडे तोंड करून वर बघा. वरच्या बाल्कनीचा स्लॅब, समोरचा टॉवर, मोठं झाड यातलं काही आडवं येत असेल तर डिश गच्चीवर लावावी लागेल.

गच्ची म्हणजे सोसायटी. ती सामाईक जागा, त्यामुळे सेक्रेटरींची परवानगी लागते, आणि भाडेकरू असाल तर बहुतेक ठिकाणी ती घरमालकाकडूनच मागितलेली बरी. तंत्रज्ञ आमच्याकडे दोनदा येऊन परत गेला, कारण गच्चीची किल्ली मिळाली नाही. अपॉइंटमेंट घेण्याआधी किल्ली कुणाकडे असते ते विचारा. काही सोसायट्यांत गच्चीवर एकच सामाईक डिश असते आणि प्रत्येक घरात केबल आलेली असते. ती कुठल्या कंपनीची, हेही विचारा. तुमचीच निघाली तर निम्मं काम झालं.

पैशाचं काय?

कस्टमर केअरवाल्या ताई मला म्हणाल्या, "शिफ्टिंगपेक्षा नवीन कनेक्शन घ्या, स्वस्त पडेल." शिफ्टिंगचे ६०० सांगितले, शिवाय नवा एलएनबी आणि जादा केबल धरून साधारण १,२००. नवीन कनेक्शन १,५०० ला, एक महिना फुकट. वाटलं, ३०० जास्त देऊन सगळं नवं मिळतंय. पण बाबांनी वर्षाचं रिचार्ज एकदम करून ठेवलं होतं. खात्यात १,९०० रुपये शिल्लक होते, आणि ते नव्या खात्यात येणार नव्हते. म्हणजे नवीन कनेक्शन खरं तर ३,४०० ला पडलं असतं.

पूर्वी असल्या काही शुल्कांवर ट्रायने मर्यादा घातली होती. जुलै २०२४ मध्ये इन्स्टॉलेशन, शिफ्टिंग वगैरेंचे दर ठरवायची मोकळीक कंपन्यांना मिळाली, पण ते दर त्यांनी जाहीर करायचे असतात. म्हणून वेबसाइटवरचा दर बघा, स्क्रीनशॉट ठेवा आणि दारात आलेल्या माणसाने जास्त मागितले तर पावती मागा.

काम अडलं तर तक्रार क्रमांक घ्या, मग कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे जा. तरी नाही हाललं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे मेल टाकून वाट बघत बसू नका.

केबल असेल तर?

केबलचं गणित वेगळं. तुमचा केबलवाला त्या भागापुरता असतो. नव्या एरियात त्याच नेटवर्कचं कनेक्शन असेल तरच बॉक्स चालेल. नसेल तर बॉक्स भाड्याचा आहे की विकत घेतलेला ते बघा, परत करून डिपॉझिट घ्या, आणि बंद केल्याचं लिहून घ्या. आणि डीटीएचवाल्यांनो, दोन घरांच्या मध्ये महिनाभर गॅप असेल तर तात्पुरतं बंद करायची सोय असते. ती वापरा, पॅकचे पैसे वाया जात नाहीत.

एवढं करायची गरज होती का?

मीही आईला म्हटलं होतं, घरात वायफाय आहे, मोबाइलवर सगळ्या मालिका दिसतात, कशाला त्रास? ती म्हणाली, "मला त्यात शोधावं लागतं. इथे मला नंबर पाठ आहेत."

अठराव्या दिवशी टीव्ही लागला. तिने रिमोट घेतला, न बघता तीन आकडे दाबले. बातम्यांचा चॅनल लागला. आई बातम्या बघत नाही, बाबा बघायचे. दोन मिनिटं तिने तो तसाच ठेवला, मग आपली मालिका लावली.

तर मंडळी, थोडक्यात क्रम लक्षात ठेवा: नंबर आणि नाव, शिल्लक बॅलन्स, आग्नेयेकडचं आकाश, गच्चीची किल्ली, आणि मग शिफ्टिंगची रिक्वेस्ट. पुढच्या भागात गॅस कनेक्शन ट्रान्सफर. तुमचा अनुभव व्हॉइस नोटने पाठवा, आणि घर बदलणाऱ्या मित्राला हा भाग आजच फॉरवर्ड करा, सामान टेंपोत चढायच्या आत.